कंपनी विकली जाते तेव्हा आमच्या रक्ताचे काय होते?

गेल्या वर्षी अमेरिकेत एका कंपनीचा लिलाव झाला. 'ट्वेंटीथ्री अँड मी' हे तिचे नाव. २००६ मध्ये सुरू झालेली ही कंपनी घरी एक छोटा डबा पाठवायची. त्यातल्या नळीत थुंकायचे, डबा परत पाठवायचा आणि काही आठवड्यांनी तुमचे पूर्वज कुठले, तुम्हाला कोणत्या आजाराचा धोका आहे, हे मोबाईलवर वाचायचे. जगभरातल्या सुमारे दीड कोटी लोकांनी पैसे भरून आपली लाळ तिला दिली. २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरल्यावर तिची किंमत सहा अब्ज डॉलर्सच्या घरात गेली होती. २३ मार्च २०२५ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मे महिन्यात रिजेनेरॉन या औषध कंपनीची २५.६ कोटी डॉलर्सची बोली जिंकली, मग पुन्हा लिलाव झाला आणि जुलैमध्ये ३०.५ कोटी डॉलर्सना कंपनी टीटीएएम रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेकडे गेली. ही संस्था उभी केली आहे कंपनीच्याच संस्थापिका अॅन वोजिस्की यांनी. दुकान तेच, मालकीणही तीच, पाटी फक्त नवी.

३०.५ कोटी डॉलर्सना दीड कोटीने भागा. माणशी वीस डॉलर्स, म्हणजे साधारण सतराशे रुपये. एका माणसाच्या आई-वडिलांपासून आलेल्या आणि मुलाबाळांकडे जाणाऱ्या साऱ्या जनुकीय माहितीचा बाजारभाव हा. त्या कंपनीकडे फर्निचर विकण्यासारखे फारसे नव्हते. जे विकले गेले ती माणसेच होती.

कंपनी आर्थिक अडचणीत असल्याचे दिसताच, दिवाळखोरीच्या अर्जाआधीच, कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलनी नागरिकांना जाहीर सूचना दिली की आपली माहिती पुसून घ्या, नमुना नष्ट करायला सांगा. सुमारे १९ लाख लोकांनी तसा अर्ज केला. जूनमध्ये २७ राज्ये आणि राजधानीचा जिल्हा कोर्टात गेले आणि म्हणाले, ज्याची माहिती आहे त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय ती विकता येणार नाही. दिवाळखोरीच्या कोर्टाने ग्राहकांच्या खासगीपणावर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र लोकपाल नेमला. एवढे करूनही विक्री झालीच. पण निदान विकण्याआधी आरडाओरड करायला जागा होती, आणि 'पुसा' म्हणण्याचा हक्क कागदावर होता.

आता अंधेरीत येऊ.

आमच्यातले काही जण म्हणतील, लाळेचे डबे विकणारी कंपनी अमेरिकेत बुडाली, त्याचे अंधेरीच्या वस्तीत काय? आमच्याकडे नळाला पाणी येत नाही, एसआरएची फाईल हलत नाही आणि तुम्ही जनुके घेऊन बसलात. हा आक्षेप आम्ही मनापासून घेतो, त्याचे उत्तर पुढे देतो. आधी आपल्या दारात काय झाले ते पाहा.

अंधेरी पश्चिमेला लोखंडवाला रोडवर सबर्बन डायग्नोस्टिक्स या लॅबचे मुख्यालय. उपनगरात राहणाऱ्या कोणत्या घरात त्यांच्या रिपोर्टचे पाकीट नसेल? ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्लीच्या डॉ. लाल पॅथलॅब्जने ही कंपनी विकत घेत असल्याचे जाहीर केले. किंमत ९२५ कोटी रुपये, शिवाय पुढच्या कामगिरीवर अवलंबून आणखी २२५ कोटींपर्यंत. त्याच वर्षी नवी मुंबईच्या थायरोकेअरचे ६६ टक्के शेअर्स फार्मईझीच्या मालक कंपनीने ४,५४६ कोटींना घेतले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिलायन्सच्या एका कंपनीने बंगळुरूची स्ट्रँड लाइफ सायन्सेस ही थेट जनुकीय चाचण्या करणारी कंपनी ३९३ कोटींना आपल्याकडे घेतली. २०२१ हे करोनाचे दुसरे वर्ष होते. लोक ऑक्सिजनसाठी फिरत होते, आणि लॅबचा बाजार तेजीत होता.

नीट लक्षात घ्या, या व्यवहारांत कोणी कायदा मोडला असे आमचे म्हणणे नाही. सगळे कायदेशीर होते, शेअर बाजाराला कळवून झाले. आमचे दुखणे नेमके तेच आहे. भागधारकाला कळवले, सेबीला कळवले, बँकेला कळवले. ज्याच्या दंडातून सुई घालून रक्त काढले होते त्याला कळवा, असे म्हणणारा कायदाच नव्हता. आजही नाही.

कंपनी विकण्याचे तीन रस्ते आहेत आणि तिन्ही रस्त्यांवर आपण अदृश्य आहोत. पहिला रस्ता शेअर्स विकण्याचा. यात कंपनी तीच राहते, मालक बदलतो. कायद्याच्या नजरेत माहिती कुठे 'गेली'च नाही. तुम्ही ज्या नावाला संमती दिली ते नाव जागेवर आहे. त्यामुळे पुन्हा विचारायचा प्रश्न येत नाही. तुम्ही संमती दिली होती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लॅबला. आता तिच्या मागे कोण बसला आहे हे तुम्ही वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर वाचायचे, वाचलेच तर.

दुसरा रस्ता विलीनीकरणाचा. इथे ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा उघडून त्याचे कलम १७ वाचा. त्यातल्या पहिल्या पोटकलमाचा (ई) खंड म्हणतो की कोर्टाने किंवा लवादाने मंजूर केलेल्या विलीनीकरण, विभाजन, उपक्रमाचे हस्तांतरण अशा योजनेसाठी जी माहिती वापरणे आवश्यक असेल, तिला या कायद्यातली बहुतेक कर्तव्ये आणि हक्क लागू नाहीत. सूचना देणे लागू नाही, संमती घेणे लागू नाही, 'माझी माहिती पुसा' म्हणण्याचा हक्क लागू नाही. उरते काय, तर माहिती सांभाळून ठेवण्याची जबाबदारी. म्हणजे अमेरिकेत २७ राज्यांनी कोर्टात जो मुद्दा मांडला, तो आपल्या संसदेने आधीच कंपनीच्या बाजूने निकालात काढून ठेवला आहे. 'आवश्यक' या शब्दावर भांडता येईल, वकील भांडतीलही. पण साकीनाक्याचा रिक्षावाला कफ परेडला राष्ट्रीय कंपनी कायदा लवादासमोर वकील उभा करणार आहे का?

तिसरा रस्ता दिवाळखोरीचा. २०१६ च्या आपल्या दिवाळखोरी संहितेत कंपनीच्या मालमत्तेत अमूर्त मालमत्ताही धरली आहे. लॅब बुडाली तर तिच्या यंत्रांइतकीच किंवा त्याहून जास्त मोलाची तिची माहिती. देणेकरी बँका टेबलाभोवती बसतील. अमेरिकेत नेमला तसा रुग्णाच्या बाजूचा लोकपाल या टेबलावर कोणी नाही.

आणखी एक गंमत. हा कायदा 'डिजिटल' माहितीचा आहे. तुमच्या रक्ताची नळी, लाळेचा नमुना, बायोप्सीचा तुकडा हे डिजिटल नाही. फ्रीजरमधला नमुना म्हणजे न वाचलेले पुस्तक. आज त्यातून साखर आणि थायरॉईड वाचले, उद्या नवा मालक तोच नमुना काढून पूर्ण जीनोम वाचू शकतो. फाईलीला कायदा, नळीला नाही.

आता जी गोष्ट आम्हाला सर्वात जास्त टोचते तिच्याकडे येतो. २०१९ मध्ये संसदेत मांडलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' असा वेगळा वर्ग होता. त्यात आरोग्याची माहिती होती, जनुकीय माहिती होती, आणि 'जात किंवा जमात' हे शब्दही होते. म्हणजे मसुदा लिहिणाऱ्यांना कळत होते की या देशात जात ही जखम आहे आणि ती माहिती म्हणून बाजारात फिरली तर कोणाला लागेल. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले. २०२३ चा कायदा आला तेव्हा तो संपूर्ण वर्गच गायब होता. आता तुमचा पिझ्झाचा पत्ता, तुमची जात आणि तुमची जनुके, कायद्यासाठी एकाच मापाची माहिती. वरवर पाहता समानता! विषमांना एकाच मापाने मोजण्याला समानता म्हणतात, हा धडा आम्हाला नवीन नाही.

जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ४३-अ होते. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे संवेदनशील माहिती फुटली तर पीडिताला भरपाई मिळण्याची सोय त्यात होती. नव्या कायद्याने ते कलम वगळायचे ठरवले आहे. नव्या व्यवस्थेत दंड मोठा, २५० कोटींपर्यंत. पण तो जमा होणार सरकारच्या तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला छदाम नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि नागरिकांच्या हक्कांची मुख्य कलमे अठरा महिन्यांनी लागू होतील असे ठरले. पण माहिती अधिकार कायद्याचे हातपाय बांधणारी दुरुस्ती? ती लगेच लागू झाली. सरकारला प्रश्न विचारण्याची वाट अरुंद करायला एक दिवस थांबायचे नव्हते.

तर तो आक्षेप. हा श्रीमंतांचा प्रश्न आहे का?

जनुक ही एकट्याची मालमत्ता नसते. लोखंडवालातल्या एका तरुणाने हौसेने डबा मागवला तर त्याच्या गावाकडच्या चुलत्याचीही माहिती त्या नळीतून गेली. कॅलिफोर्नियात एका जुन्या खुन्याला पोलिसांनी २०१८ मध्ये पकडले ते त्याच्या नमुन्यावरून नव्हे. दूरच्या नातेवाइकांनी 'जीईडीमॅच' नावाच्या वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या माहितीवरून. खुनी सापडला हे चांगलेच झाले. पण पुढे काय झाले पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये ते संकेतस्थळ व्हेरोजेन या न्यायवैद्यक कंपनीने विकत घेतले आणि २०२३ मध्ये व्हेरोजेनला कियाजेनने घेतले. हौशी लोकांनी आजोबा-पणजोबा शोधायला टाकलेली माहिती दोन विक्रींत कुठून कुठे गेली!

हे झाले नातेवाइकांचे. भारतात याहून मोठी गोष्ट आहे, आणि ती समजायला आपल्याला बाबासाहेबांकडेच जावे लागते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्याचे सार असे की जातीचा प्राण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी नाकाच्या मापांचे आकडे घेऊन वंशवाद्यांचा सिद्धान्त त्यांच्याच फूटपट्टीने मोडून काढला. ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत हे दाखवले. जनुकशास्त्राने हेच आपल्या भाषेत सांगितले. हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशात सर्वदूर मिश्रण झाले आणि मग ते थांबले. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये म्हटले की उच्चवर्णीय गटांत हे दार साधारण ७० पिढ्यांपूर्वी बंद झाले. रक्त आधी वेगळे नव्हते. लग्नावर कुलूप लावले म्हणून जनुकांत गट दिसू लागले. 'शुद्ध वंशा'च्या जाहिराती करणाऱ्यांनी हे वाचावे.

पण याच कुलपाचा आजचा परिणाम असा की आपल्या देशात जनुकीय माहितीच्या साठ्यात जातीचा रकाना छापायची गरज नाही. तो आपोआप छापलेला असतो. २०१३ मध्येच 'सायन्स' मासिकात आलेल्या एका अभ्यासात नाव काढून टाकलेल्या जीनोममधून, इंटरनेटवरच्या वंशावळींच्या मदतीने, काही पुरुषांची आडनावे शोधून दाखवली होती. अमेरिकेत आडनाव कळले तर आडनाव कळते. आपल्याकडे आडनाव कळले की काय कळते, हे भाड्याने खोली शोधणाऱ्या आमच्या कोणत्याही पोराला विचारा. म्हणून 'आम्ही नावे काढून टाकतो' हे कंपनीचे आश्वासन इथे अपुरे आहे. एक माणूस निनावी करता येईल. जमात निनावी कशी करणार?

माप घेण्याचा इतिहास आमच्या पाठीवर आहे. रिस्ले साहेबाने नाकाची मापे घेऊन जातींची उतरंड लावली. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, ठसे, सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण. ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावर मुक्ती मिळाली, पण आजही चोरी झाली की पोलिसांची गाडी पारध्याच्या पालावर आधी जाते. डीएनए नियमन विधेयक २०१९ मध्ये आले तेव्हा संसदीय स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात अशा साठ्याचा समाजघटकांविरुद्ध गैरवापर होऊ शकतो ही भीती नोंदवली होती. विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले. पण त्याआधीच २०२२ च्या गुन्हेगारी ओळख कायद्याने जैविक नमुने घेण्याची आणि नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची सोय करून ठेवली. त्यात खासगी कंपन्यांचे साठे तपासासाठी मागितले गेले तर? गुन्हा शोधणे आणि रोखणे यासाठीही माहिती संरक्षण कायद्यात सूट आहे, त्याच कलम १७ मध्ये.

नोकरीचेही तसेच. मरोळ-सीप्झच्या पट्ट्यात सुरक्षारक्षक, सफाई कामगार, फॅक्टरीतली मुले कामाला लागताना वैद्यकीय तपासणी होते. बाटली आणि सुई समोर येते, सही करायची असते, कोण काय विचारणार? नव्या कायद्याचे कलम ७ तर म्हणते की नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला संमतीही नको. एखाद्याच्या अहवालात पुढे होऊ शकणाऱ्या आजाराची खूण दिसली म्हणून त्याला कामावर घेतले नाही, तर भारतात त्याला थेट मनाई करणारा कायदा नाही. अमेरिकेत २००८ पासून आहे, नोकरी आणि आरोग्य विम्यापुरता. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये विम्यातला जनुकीय भेदभाव घटनाविरोधी म्हटला. कायदा करणाऱ्यांनी मात्र त्यावरून काही केले नाही.

आणि सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतल्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य ठेवले. आम्ही या तपासणीच्या बाजूने आहोत, ठामपणे. ज्या आजाराने आमची लेकरे दुखण्याने तळमळत मेली त्याकडे सरकारने इतकी वर्षे पाहिले नाही. पण हे ध्यानात घ्या की देशातला एवढा मोठा आनुवंशिक आजाराच्या नोंदींचा साठा कोणाचा तयार होतो आहे? लोखंडवालाचा नाही, गडचिरोली-नंदुरबारचा. कोण वाहक आहे हे त्या नोंदीत आहे. गावात ही गोष्ट फुटली तर मुलीची सोयरीक मोडते. विमा कंपनी, औषध कंपनी, दोघांनाही ही यादी हवी असेल. मग श्रीमंतांचा प्रश्न कसा?

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाई आदिवासींनी १९९० पासून अॅरिझोना स्टेट विद्यापीठाला रक्त दिले, मधुमेहाचे कारण कळावे म्हणून. पुढे कळले की त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, अंतर्गत लग्ने, आणि त्यांचे पूर्वज कुठून आले यावर संशोधन झाले. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते त्या दरीतूनच जन्मले. त्यांना न विचारता त्यांच्याच रक्ताने त्यांना परके ठरवले. ते कोर्टात गेले. एप्रिल २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना सात लाख डॉलर्स दिले, आणि उरलेले रक्त परत दिले. पैशापेक्षा आम्हाला ती शेवटची गोष्ट मोठी वाटते. एक जमात विद्यापीठाच्या फ्रीजरपाशी गेली आणि आपले रक्त घेऊन घरी आली.

आम्ही विज्ञानाविरुद्ध नाही. जनुकीय तपासणीने कर्करोग लवकर कळतो, थॅलेसेमियाचे मूल जन्मण्याआधी आईबापांना सावध करता येते. या सोयी आमच्या लोकांपर्यंत सरकारी दवाखान्यातून, कूपर रुग्णालयातून, फुकट पोचल्या पाहिजेत. पण फुकट तपासणीच्या बदल्यात रक्ताची मालकी द्यायची हा सौदा आम्हाला नको. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो फक्त बंगल्यात राहणाऱ्यांसाठी नव्हता. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याकडे भिंतींचा खासगीपणा नाही. निदान शरीराचा तरी असू द्या.

म्हणून मागण्या उघड आहेत. जात-जमात आणि जनुकीय माहितीला संवेदनशील माहितीचा वर्ग परत द्या. कलम १७ मधली विलीनीकरणाची सूट आरोग्य आणि जनुकीय माहितीला लागू नाही असे लिहा. मालक बदलला, मग तो शेअर्सने बदलो की लवादाच्या आदेशाने, तर रुग्णाला त्याच्या भाषेत कळवा आणि माहितीबरोबर नमुनाही नष्ट करून घेण्याची मुदत द्या. जनुकांवरून नोकरी आणि विमा नाकारणे हा गुन्हा करा. फुटलेल्या माहितीची भरपाई पीडिताला द्या. आपल्या राखीव मतदारसंघांतून निवडून गेलेल्या खासदारांनी यातला एक तरी प्रश्न लोकसभेत विचारावा, एवढे सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि दिल्लीची वाट न पाहता करण्यासारखे एक काम आपल्या हातात आहे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपली मंडळे मोफत आरोग्य शिबिरे घेतात. खासगी लॅब आनंदाने येतात, बॅनरवर नाव टाकतात, दिवसाला शेकडो लोकांचे रक्त, मोबाईल नंबर आणि पत्ता घेऊन जातात. हेतू चांगला असतो, मंडळाचाही आणि पुष्कळदा लॅबचाही. तरी येत्या जयंतीला मंडप घालण्याआधी मंडळाने लॅबकडून मराठीत एका कागदावर लिहून घ्यावे: रक्तावर कोणत्या चाचण्या करणार, उरलेला नमुना किती दिवसांत नष्ट करणार, नंबर कोणाला देणार, आणि कंपनी विकली गेली तर आम्हाला कोण, किती दिवसांत कळवणार. सहीशिक्क्याचा तो कागद मंडळाच्या फाईलीत ठेवावा आणि एक प्रत मंडपाच्या दारावर लावावी. जी लॅब सही करायला तयार नाही तिला नमस्कार करून दुसरी शोधावी. अंधेरीत लॅबला तोटा नाही.